अच्युतराव नाफड्यांचा राग

विजय नगरात अच्युतराव नाफड्यांचं घर विचारलं तर लोक घराचा नंबर सांगत नसत. जरा थांबा, आवाज येईल, त्या बाजूला जा, असं सांगत. यात थोडी मीठमिरची असेल, पण थोडीच. माणूस देहानं किरकोळ, उंचीनं बेताचा, आणि आवाज असा की त्यांच्या फाटकाशी आल्यावर दूधवाला आपोआप माप भरून घालायचा.

नोकरी सिंचाई खात्यात, नकाशे काढायची. बरगी धरणाच्या कालव्यांचे कितीतरी नकाशे त्यांच्या हातचे. सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत उतरत्या टेबलावर नकाशाचं कापड ताणायचं आणि श्वास रोखून शाईची रेघ ओढायची. रेघ पुरी झाली की श्वास सुटायचा आणि त्याच्याबरोबर कुणाचा तरी उद्धार व्हायचा. खिडकी उघडी ठेवणाऱ्याचा, टेबलाला धक्का देणाऱ्याचा, नाहीतर थेट भोपाळात बसलेल्या कुणा साहेबाचा. यांना राग यायला कारण लागत नसे हो. राग पुढं यायचा आणि कारण मागून धापा टाकत पोचायचं.

त्यांची बायको शरयू अमरावतीकडची. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा सुरुवातीला ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. भाजीत मीठ कमी म्हणून हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा आणि तीच भाजी दोनदा मागून खायचा. मग तासाभरानं काही न बोलता सायकल काढून खव्याची जिलबी घेऊन यायचा. हळूहळू तिला कळलं की याच्याकडं बोलायची ही एकच पट्टी आहे. मायाही याच पट्टीत आणि काळजीही याच पट्टीत. तिला एकदा टायफॉइड झाला तेव्हा तो तिच्या उशाशी बसून दिवसभर तिच्यावरच ओरडत होता, पाणी उकळून काहून नाही पीत म्हणून. ताप उतरल्यावर शरयूनं बहिणीला सांगितलं की माझ्या माणसासारखं माणूस कुणाला मिळणार नाही. बहिणीला वाटलं, तापानं हिचं डोकं फिरलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. अच्युतरावांना थकवा यायला लागला, दात घासताना रक्त यायला लागलं आणि डाव्या बरगडीखाली वीट ठेवल्यासारखं जड वाटायला लागलं. रक्त तपासलं, मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासला. डॉक्टर तिवारी इथलेच, हिंदीत बोलणारे आणि समजावून सांगायची भारी हौस असलेले. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा रक्ताचा कर्करोग आहे, पण विरळा आणि संथ चालीचा.

त्यांनी सांगितलं ते असं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये काही ‘बी’ नावाच्या पेशी असतात. रोगाशी लढायची हत्यारं घडवणं हे त्यांचं काम. बाहेरून रोग शिरला की शरीर स्वतःच इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडतं. तो घरातल्या वडीलधाऱ्याचा ओरडाच समजा. तो ऐकून चांगल्या बी पेशी कामाला लागतात आणि काम संपलं की आवरतं घेतात. अच्युतरावांच्या बी पेशी बिघडल्या होत्या. त्या काम करत नव्हत्या आणि मरतही नव्हत्या. डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत आणि हाडांत नुसत्या साठत होत्या. आता तोच ओरडा बाहेरून, सुईनं, मोठ्या आवाजात द्यायचा. एकच ओरडा तीन मुलांवर पडतो, डॉक्टर म्हणाले. एक मूल अभ्यासाला बसतं, ती चांगली पेशी. दुसरं मुकाट दंगा थांबवतं, तुमची बिघडलेली पेशी अशी निघाली तर आपण जिंकलो. पण एखादं तिसरं असं असतं की ओरडल्यावर त्याला उलट चेव येतो. याच पेशींच्या काही कर्करोगांत तसंही पाहिलंय. म्हणून रक्त तपासत राहायचं.

ओरडण्याबद्दल अच्युतरावांना कुणी शिकवावं? त्यांना ते एका दमात कळलं.

पावसाळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. मागच्या गल्लीतली सत्यवती नर्स एक दिवसाआड येऊन मांडीत सुई टोचून जायची. सुरुवातीला थंडी वाजून सडकून ताप यायचा. अच्युतराव दोन रजयांखाली दात वाजवत सत्यवतीच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे आणि ती रजईवर तिसरी रजई टाकून हसत निघून जायची. पुढं ताप कमी झाला, मग येईनासाच झाला. दिवाळीनंतर बरगडीखालची वीट विरघळली. रक्ताचे आकडे सुधारले. पेशींनी ऐकलं होतं. मुकाट बसणारं मूल निघालं म्हणायचं.

फक्त अच्युतरावही मुकाट बसले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आजारी माणूस आहे, जरा शांत झाला, बरंच झालं की, असं शेजारी म्हणाले. कचेरीत एका नव्या पोरानं त्यांच्या पुऱ्या होत आलेल्या नकाशावर शाईची दौत सांडली. आजूबाजूची माणसं उठून भिंतीला लागली. अच्युतरावांनी पसरत जाणारा काळा डाग पाहिला आणि म्हणाले, "दुसरा काढू." झालं. तो पोरगा रात्रभर झोपला नाही म्हणे. यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सांगत होता.

त्यांना स्वतःला कसं वाटायचं, तर काहीच नाही. हीच तर पंचाईत. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा परका होतो, तसं सगळं आतून परकं झालं होतं. विळीवर शरयूचं बोट कापलं तेव्हा त्यांना रक्त दिसलं. आता उठायला पाहिजे, हेही कळलं. पण उठायची घाई कुठूनच आली नाही. ते उठले, चिंधी शोधून आणली, नीट बांधली. शरयू बोटाकडं बघत नव्हती. त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

मुलीचा, जयाचा, साखरपुडा झाला. नागपूरची मंडळी भलताच उशीर करून आली आणि उशिराबद्दल एक शब्दही बोलली नाही. एरवी या गोष्टीवर अच्युतरावांनी लग्न मोडायची भाषा केली असती आणि मग स्वतःच वाढायला उभे राहिले असते. या वेळी ते खुर्चीत बसून राहिले, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. आत जाऊन जयानं आईला हळूच विचारलं की बाबांना हे स्थळ पसंत नाही का. शरयूनं तिला जवळ घेतलं आणि औषधाचं कारण सांगितलं. पण औषध माणसाला मुलीच्या साखरपुड्यातून असं उठवून कसं नेतं, हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले की हो, या औषधानं काही जणांचं मन असं बधिर होतं. औषध थांबवलं की परत येतं. पण औषध थांबवलं तर पेशीही परत येतात, आणि दुसरं औषध आपल्याकडं अजून नीट मिळत नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. नवरा जिवंत ठेवायचा तर असा ठेवायचा. शरयूनं घरी येऊन देवाला दिवा लावला. देवापुढं उभं राहून काय मागावं हे तिला सुचेना, तेव्हा नुसते हात जोडून ती स्वयंपाकाला लागली.

मग उन्हाळा आला. जबलपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते जबलपूरकरालाच विचारा. दुपारी वीज जायची ती जायचीच. शरयू इंजेक्शनाच्या बाटलीला लहान पोरासारखी जपत होती. एकदम ठंडे में रखना, असं दुकानदारानं बजावलं होतं. दूध, लोणी, लग्नासाठी आणलेला खवा, सगळं नासलं तरी चालेल, पण ती बाटली गरम होता कामा नये. अच्युतराव पलंगावरून तिची धावपळ बघायचे. ही माझ्यासाठी किती करते, असं त्यांच्या मनात यायचं. वाक्य यायचं, पण त्याच्यामागं काही यायचं नाही.

एका दुपारी चहा आला. त्यांनी घोट घेतला, कप ठाण्कन बशीत ठेवला आणि म्हणाले, "हा चहा आहे की अंगोळीचं पाणी?"

घर थबकलं. आतल्या खोलीतून जया साडीची घडी हातात घेऊन दारात आली. शरयू ओट्याशी तोंडावर पदर धरून उभी होती. ती हसत होती की रडत होती कुणास ठाऊक, बहुतेक दोन्ही. अच्युतरावांनाही कळलं की आत्ता काहीतरी परत आलंय, कारण चहा बेचव लागला आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. कितीतरी महिन्यांनी एखाद्या गोष्टीचं वाईट वाटलं होतं. त्यांनी तो चहा ओतून दुसरा करायला लावला आणि तोही गिळवत नाही म्हणाले.

मग काय विचारता. वैशाखात जयाचं लग्न झालं त्यात त्यांनी मंडपवाल्याला, आचाऱ्याला, वाजंत्रीवाल्याला आणि सख्ख्या भावाला, गुणवंतला, एकेकदा मांडवाबाहेर काढलं आणि एकेकदा परत बोलावून आणलं. गुणवंत डोळे पुसत म्हणाला, चलो, दादा बरा झाला. मुलगी निघाली तेव्हा अच्युतराव असे ढसाढसा रडले की व्याही गाडीतून उतरून आले आणि त्यांना धरून ओट्यावर बसवून पाणी पाजलं. सुई चालूच होती. शरीराला औषधाची सवय झाली, असं सगळे धरून चालले. शरयू तर इतकी सुखात होती की तिनं सत्यवतीला साडी नेसवली.

लग्नाचा मांडव उतरला आणि अच्युतरावांच्या दंडावर निळे डाग उठायला लागले. जिना चढताना दम लागू लागला. बरगडीखाली पुन्हा वीट. डॉक्टर तिवारींनी रक्ताचे आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले की पेशी आता ओरडा ऐकत नाहीत. कदाचित आपल्याच औषधानं त्यांना चेव येत असेल, ते तिसरं मूल. औषध बंद करू, आणि नागपूरला जाऊन प्लीहा काढून टाकू.

अच्युतराव घाबरले. खरोखर घाबरले. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीचंही त्यांना बरं वाटत होतं, कारण ती त्यांची स्वतःची होती. सुई बंद होणार, हे ऐकून तर आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. घरी येताना त्यांनी रिक्षावाल्याशी कडाक्याचं भांडण केलं.

पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं आणि वेगळंच सांगितलं. ऑपरेशन थांबवू. नव्या बाटलीनं एकदा आणखी पाहू, बाटली माझ्या दवाखान्यात राहील, सुई इथंच येऊन घ्या. अच्युतराव उसळले. तुमचा एक विचार कधी पक्का नसतो, मी काय तुमचा कोरा कागद आहे का, खोडून पुन्हा काढायला? मला नको ते औषध. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डॉक्टर शांत बसून होते आणि त्यांच्याकडं न बघता शरयूकडं बघत होते. शरयू फरशीकडं बघत होती.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी घ्या."

तिनं त्यांच्याकडं इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. अच्युतराव आणखी थोडं ओरडले, मग बाही वर केली आणि मग लक्षात आल्यावर चिडून धोतर सरकवून मांडी पुढं केली.

नव्या बाटलीनं पहिल्याच दिवशी ताप भरला. पाऊस लागेपर्यंत निळे डाग गेले. रक्ताचे आकडे सुधारले. पेशी पुन्हा मुकाट झाल्या आणि त्यांच्यापाठोपाठ, एकेक दार लावून घेतल्यासारखे, अच्युतरावही. कोणत्या दिवशी काय गेलं ते त्यांना सांगता आलं नसतं. एक दिवस चहा निवून गेला होता आणि त्यांनी तो पिऊन टाकला.

डॉक्टर खूश होते. शरयू मात्र वाळत चालली होती. जेवायची नाही, कुणाशी बोलायची नाही, नवऱ्याच्या समोर यायची आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखी उभी राहून परत जायची. अच्युतरावांना हे दिसत होतं. दिसणं औषधानं थांबलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी ते पुढच्या खोलीत बसले होते. ती आली आणि समोर जमिनीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात वीज जायची म्हणून ती इंजेक्शनाची बाटली फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवत होती. दूध ठेवतो तशी, खवा ठेवतो तशी. जितकं थंड तितकं चांगलं, असं तिला वाटलं. सत्यवती यायच्या आधी काढून ठेवायची म्हणजे पाणी व्हायचं. लग्नानंतर एकदा पाहुण्यांच्या गडबडीत उशिरा काढली आणि सत्यवतीनं आतला बर्फ पाहिला. गोठलं की हे औषध मरतं, हे तिनं तेव्हा सांगितलं. म्हणजे उन्हाळाभर तुम्हाला मेलेलं पाणी टोचत होतो. तुम्ही बरे झाले नव्हते, औषध मेलं होतं. डॉक्टर तुमचं पोट फाडायला निघाले, तेव्हा मी त्यांच्याकडं एकटी गेले, सगळं सांगितलं आणि तुम्हाला सांगू नका म्हणून हात जोडले.

तिनं बोटाचा पदर सोडला. मग म्हणाली, "मला दोन दिवस लागले डॉक्टरकडं जायला. माहीत होऊनही दोन दिवस गप्प राहिली मी. तुम्ही ओरडून राहिले होते नं घरात. ते जाईल म्हणून."

अच्युतरावांनी ऐकलं. सगळं समजलं, एकेक पायरी. ही बाई आपल्याला मारून बसली असती, हे समजलं. आपल्याला वाचवायला तिनं काय हातचं सोडलं, हेही समजलं. त्यांनी आत पाहिलं. राग असायचा त्या जागी काही नव्हतं. मायाही नव्हती. नुसती झाडून ठेवलेली खोली. असू दे, होतं असं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

आणि तिच्याकडं पाहून मिटलं. ती मान खाली घालून, खांदे आवळून बसली होती. ती वाट बघत होती.

"तुम्ही मला काही बोलून काहून नाही राहिले?" ती म्हणाली.

अच्युतरावांना आठवत होतं. राग आठवत नव्हता, तो कसा करतात ते आठवत होतं. इतकी वर्षं केलेलं काम होतं ते. ते उठले. खुर्ची मागं ढकलली, ती पडली. छातीत श्वास भरला, रेघ ओढण्याआधी भरायचे तसा.

"अक्कल गहाण टाकली होती का?" ते ओरडले. पहिला शब्द घोगरा निघाला, दुसऱ्यापासून आवाज लागला. "बर्फात घालून ठेवायला ते औषध काय मासा होतं? वाचता येत नाही तुला? विचारायला तोंड नव्हतं? गल्लीभर बोलतेस, दुकानदाराला एक शब्द विचारता नाही आला?" समोरच्या घराची खिडकी उघडली. अच्युतरावांनी टेबलावर हात आपटला. तो बरोबर वेळेवर आपटला गेला. मग तिच्या माहेराला मधे ओढलं, मग सत्यवतीला, मग वीज मंडळाला. शरयूचे खांदे हलायला लागले. ती पदरात तोंड घालून, इतके दिवस कोंडलेलं सगळं सोडून, मोठमोठ्यानं रडायला लागली.

शब्द संपले तेव्हा ते थांबले. हात दुखत होता, घसा सोलवटला होता. तेवढं त्यांना जाणवलं. ते खाली वाकले, खुर्ची उचलून सरळ ठेवली आणि तिच्यात बसले.

शरयू उठली, तोंड धुऊन आली. आत भांड्यांचा आवाज झाला. ती चहा घेऊन आली, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं काय आहे आणि काय नाही, ते तिला अख्ख्या जबलपुरात सगळ्यांत आधी कळणार होतं. कळलंच.

"आणखी थोडं ओरडा," ती हळूच म्हणाली.

अच्युतरावांनी चहाचा एक घोट घेतला, घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली.